नांदेडचे उत्तर टोक : किनवट-माहूरचा भूप्रदेश आणि तेथील माणसे

नांदेड जिल्ह्याचा नकाशा वर्गात टांगला की विद्यार्थ्यांची बोटे प्रथम गोदावरीवर जातात. नांदेड, मुदखेड, धर्माबाद, बिलोली, कंधार, देगलूर ही नावे त्यांना तोंडपाठ असतात. मात्र नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात, जिल्ह्याच्या मूळ आकारातून जणू बाहेर डोकावणारा जो भाग आहे, त्याकडे बोट क्वचितच सरकते. तो भाग म्हणजे किनवट आणि माहूर हे दोन तालुके. आपल्या विद्यालयाच्या पटावर गेली कित्येक वर्षे आत्राम, मडावी, टेकाम, सिडाम, कुमरे ही आडनावे आहेत. ती मुले जेथून येतात तो प्रदेश आपल्यापैकी अनेकांनी माहूरच्या यात्रेपुरता किंवा पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या सहलीपुरताच पाहिलेला असतो. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रदेशाची सविस्तर ओळख करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

नांदेड शहरापासून हा भाग रस्त्याने सव्वाशे ते दीडशे किलोमीटर दूर आहे. उत्तरेला पैनगंगा नदी आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. पूर्वेला आदिलाबाद, म्हणजे तेलंगणा. सातमाळा–निर्मळ डोंगररांगेचे फाटे येथे पसरले आहेत. गोदाकाठची खोल काळी जमीन येथे फक्त खोऱ्यांच्या तळाशी आढळते. वर चढत गेले की मुरमाड, उथळ माती आणि सागाचे जंगल. साग, मोह, तेंदू, चारोळी, बांबू, धावडा ही या वनाची मुख्य झाडे. पाऊस साधारणतः हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून तहान भागवावी लागलेल्या लातूरकरांना हा आकडा हेवा वाटावा असा आहे. परंतु उताराची जमीन हे पाणी धरून ठेवीत नाही, आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्या-पोडांना हंड्यासाठी तितकीच पायपीट करावी लागते. पाऊस किती पडला आणि पाणी कोणाच्या वाट्याला आले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे भूगोलाच्या शिक्षकाने मुलांना येथेच शिकवावे.

पैनगंगा ही या प्रदेशाची खरी कणा-नदी. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून ती पूर्वेकडे वाहते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. वरच्या बाजूस इसापूरचे धरण झाल्यापासून तिच्या प्रवाहाचे वेळापत्रक धरणाच्या दारांवर ठरते. इस्लापूरजवळ काळ्या बेसाल्टच्या कातळावरून ती अनेक धारांनी कोसळते, तोच सहस्रकुंड धबधबा. उनकेश्वर येथे तिच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्यास गंधकाचा वास येतो आणि त्वचारोग बरे होतात या समजुतीने लोक तेथे येतात. जमिनीच्या पोटातील उष्णता खडकांतील भेगांवाटे पाण्याबरोबर वर येते, एवढेच त्यामागचे निसर्गकार्य; आजाराला वैद्यच गाठावा.

माहूरची कथा

इतिहासात या प्रदेशाचे नाव येते ते मुख्यतः माहूरच्या किल्ल्यामुळे. वऱ्हाड आणि तेलंगण यांच्या वाटेवर तो बसलेला असल्याने ज्याच्या हाती किल्ला त्याच्या हाती वाट, असा प्रकार होता. गोंड राजांचा येथे अंमल होता अशी परंपरा सांगते. बहामनी राजवटीत वजीर महमूद गावानने मोठ्या प्रांतांचे तुकडे पाडले, तेव्हा वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग झाले. याच गावानच्या काळात, १४७० च्या सुमारास, रशियातील त्वेर नगरचा अफानासी निकितिन हा व्यापारी बिदरला येऊन राहिला होता आणि त्याने आपल्या प्रवासाची टिपणे लिहून ठेवली. उदगीरहून बिदर किती जवळ आहे हे आमच्या लातूरकर वाचकांस सांगावयास नको. उत्तरेकडील बर्फाळ मुलखाचा माणूस पाचशे वर्षांपूर्वी आपल्या दारापर्यंत आला. आपण मात्र आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकापर्यंत सहसा जात नाही.

अकबराच्या काळातील 'आईने-अकबरी'त माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले आहे. पुढे बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेल्या शाहजादा खुर्रमने, म्हणजे नंतरच्या शाहजहानने, १६२३ च्या सुमारास माहूरचा आसरा घेतला होता. माहूरचा सरदार उदाराम याचे घराणे मोगलांच्या चाकरीत होते. त्याच घराण्यातील एक स्त्री 'रायबागन' या किताबाने प्रसिद्ध झाली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने कारतलबखानाच्या मोगल फौजेस कोंडले, तेव्हा ही रायबागन त्या फौजेत होती. शरण जाऊन प्राण वाचवावेत, हा सल्ला तिनेच खानास दिला, असे 'शिवभारत' या समकालीन संस्कृत काव्यात वर्णन आहे. नांदेड जिल्ह्यातील एक स्त्री सेनानी म्हणून तिचे नाव शाळेच्या भित्तिपत्रकावर यावयास हवे. ती कोणत्या बाजूने लढली, यावरून तिला इतिहासातून वगळणे बरोबर नव्हे.

माहूरला कोरीव लेणीही आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात आणि ती राष्ट्रकूट काळातील मानली जातात. आपल्या समाजबांधवांपैकी काहीजण कोणतेही कोरीव लेणे दिसले की ते बौद्धच असणार असे धरून चालतात. अजिंठा आणि पितळखोरे यांच्या बाबतीत ते निर्विवाद आहे. माहूरची लेणी मात्र ब्राह्मणी परंपरेतील आहेत. ज्या धम्माने 'ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा' असे सांगितले, त्या धम्माच्या अनुयायांनी पुराव्याच्या पलीकडे पाऊल टाकू नये.

रेणुकेचे ठाणे मात्र वेगळा विचार करावयास लावणारे आहे. पित्याच्या आज्ञेवरून पुत्राने मातेचा शिरच्छेद केल्याची परशुरामकथा सर्वांस ठाऊक आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात रेणुका आणि यल्लम्मा यांचे मूळ वारुळाच्या मातीत, भूमातेच्या प्राचीन उपासनेत दाखविले आहे. पुराणाने ज्या मातेला शिक्षा केली, ती मुळात या मातीतल्या शेतकरी-वनवासी लोकांची माता होती, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. आज माहूरचे अर्थकारण बहुतांशी यात्रेवर चालते. खण-नारळाची दुकाने, पानाचा तांबूल, जीपगाड्या, लॉज. वझरा येथे शेख फरीद यांच्या नावाचा धबधबा आहे आणि गडाच्या परिसरात दर्गेही आहेत. पूर्वापार सर्व जातिधर्मांचे लोक या डोंगरात येत आले, याची ती खूण आहे.

आदिलाबादमधून नांदेडमध्ये

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पैनगंगा ही निजामाच्या राज्याची सरहद्द बनली. नदीच्या अलीकडचा किनवट भाग हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. ही गोष्ट आजच्या तरुण वाचकांस नवीन वाटेल. किनवट मूळचे नांदेडचे नव्हेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली, तेव्हा आदिलाबादमधील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. राजुरा पुढे चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यास जोडला गेला. किनवट-इस्लापूर नांदेडमध्ये राहिले. त्याच वेळी मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा आणि जुक्कल हे भाग नांदेडमधून आंध्रात गेले. लातूर जिल्ह्यातील वाचकांनी हेही लक्षात घ्यावे की उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके याच दिवशी बिदर जिल्ह्यातून महाराष्ट्राकडे आले. म्हणजे आमचे निलंगेकर पालक आणि किनवटचे कोलाम पालक हे एकाच कायद्याच्या एकाच कलमाने या राज्याचे नागरिक झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि त्यानंतर अठरा दिवसांनी ही पुनर्रचना आली. एकाच महिन्यात या भागातील अनेक कुटुंबांचा धर्मही बदलला आणि राज्यही बदलले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आदल्याच वर्षी भाषिक राज्यांवरील आपल्या ग्रंथात मोठ्या राज्यांविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता आणि महाराष्ट्राचे चार भाग सुचविले होते. त्यांपैकी मध्य महाराष्ट्र हा साधारणतः आपला मराठवाडा. भाषेच्या बहुसंख्येखाली लहान समूह चिरडले जाऊ नयेत, ही त्यांची चिंता होती. किनवटच्या डोंगरात ज्यांची मातृभाषा ना मराठी होती ना तेलुगू, त्यांना भाषावार राज्याची रेघ ओढताना कोणी विचारले नाही.

डोंगरातील माणसे

या प्रदेशात गोंड, कोलाम, परधान, आंध या जमाती राहतात. त्यांच्यासोबत बंजारा, मराठा, बौद्ध, मुस्लिम, तेलुगूभाषक असा मिश्र समाज आहे. आंध मराठी बोलतात आणि त्यांची वस्ती हदगाव-हिमायतनगरपर्यंत पसरली आहे. गोंडांची भाषा गोंडी, कोलामांची कोलामी. दोन्ही द्राविडी कुळातील. देगलूर-उदगीरकडच्या ज्या वाचकांच्या कानावर तेलुगू-कानडी पडते, त्यांनी गोंडी अंक ऐकावेत : उंदी, रंड, मूंद, नालूंग, सयूंग, सारूंग, येरूंग. कानडी 'ओंदु', तेलुगू 'रेंडु', 'मूडु', 'नालुगु' यांचे हे सख्खे नातेवाईक आहेत. पाण्याला तेलुगू-कानडीत 'नीरु', कोलामीत 'ईर', गोंडीत 'एर'. जे लोक 'जंगलातली बोली' म्हणून नाक मुरडतात, त्यांना हे दाखवून द्यावे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदविणारे देशात सुमारे तीस लाख होते, कोलामी नोंदविणारे सुमारे सव्वा लाख.

कोलामांची वस्ती म्हणजे 'पोड'. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना आदिम जमाती म्हणून वेगळे संरक्षण आहे, त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्यासह कोलाम येतात. कोलाम हे या डोंगराचे अधिक जुने रहिवासी, असे गोंडही मानतात. म्हणून स्थानिक भूदेवतांच्या पूजेस गोंड अनेकदा कोलाम पुजाऱ्यास बोलावतात. जेथे पुजारीपण जन्माच्या उच्चतेवर चालते असा आपला अनुभव, तेथे गावातील सर्वांत गरीब समूहास हा मान मिळतो, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

गोंड समाज 'सगा' या मोठ्या गटांत विभागलेला असतो. चार, पाच, सहा आणि सात देवांचे सगे असतात. एका सग्यात विवाह होत नाही. परधान हे त्यांचे वंशपरंपरागत गायक. किंगरी वाजवून ते गोंडांच्या कुळकथा गातात. गोंडांना लेखी इतिहास नसताना परधानांची स्मृती हेच त्यांचे दफ्तर राहिले. पुष्कळ परधान घरात मराठी बोलत आणि कथा मात्र गोंडीतही गात, त्यामुळे दोन भाषांमधला पूलही तेच होते. असे असूनही गोंडांनी त्यांना आपल्याहून खालचे मानले. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिची सावली डोंगरातही पोहोचली होती. आदिवासी समाज म्हणजे समतेचा स्वर्ग, असे चित्र रंगविणाऱ्यांशी आम्ही या बाबतीत सहमत नाही.

दिवाळीच्या सुमारास दंडारीचे पथक एका गावातून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते. घुसाडी नर्तक मोरपिसांचे भव्य मुकुट घालतात, अंगास राख फासतात. ही कला जिवंत ठेवणारे आदिलाबादकडील मारलवाई गावचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पौष अमावास्येस केस्लापूर येथे मेश्राम कुळाची नागोबा यात्रा भरते, तिला सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे लोक जातात. येथे एक जाता जाता सांगतो. मेश्राम, गेडाम ही आडनावे विदर्भातील आपल्या बौद्ध बांधवांतही आहेत. शाळेच्या पटावर नुसते आडनाव वाचून मूल कोणत्या समाजाचे हे ठरविणाऱ्यांची येथे फसगत होते, आणि आमच्या मते ती व्हावीच.

जंगल कोणाचे

निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जंगले राखीव होऊ लागली. फिरती शेती करणाऱ्या कोलामांच्या वस्त्या उठविल्या गेल्या. गोंड पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनींचे पट्टे कागद वाचता येणाऱ्या बाहेरच्या लोकांच्या नावे झाले. सरकारी भाषा उर्दू, कसणाऱ्याची गोंडी; या अंतरातच जमीन गेली. १९४० साली आसिफाबादकडे जोडेघाट येथे कोमुरम भीम यांनी उठाव केला आणि ते पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर सरकारला चौकशी करावीशी वाटली. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करण्यास पाठविण्यात आले. त्यांच्या सूचनांवरून आदिवासींना पट्टे देण्याचे काम सुरू झाले आणि फसली १३५६ मध्ये हैदराबादने आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम केला. तरीही जखम भरली नाही; २० एप्रिल १९८१ रोजी केस्लापूरशेजारच्या इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला.

रेघेच्या दोन बाजूंना दोन कायदे, ही या प्रदेशाची आजची मुख्य अडचण आहे. पलीकडे १९७० च्या विनियमाने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीकडे जाणेच बंद केले; लोक त्याला '१/७०' म्हणतात. अलीकडे महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि १९७४ च्या कायद्याने गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद झाली. बंजारा समाज पलीकडे अनुसूचित जमाती आहे, अलीकडे विमुक्त जाती. एकाच तांड्यातील दोन भाऊ, एक पलीकडे राहिला आणि एक अलीकडे, तर त्यांच्या मुलांचे प्रवर्ग निराळे. यावरून समाजासमाजांत वितुष्ट आणणारे पुष्कळ आहेत. रेघ शासनाने ओढली, तिचा राग शेजाऱ्यावर काढणे योग्य नव्हे, एवढेच आम्ही म्हणू.

आपल्याशी तुलना करता आणखी एक फरक ध्यानात येतो. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात मात्र धर्माची अट होती आणि धम्मात आलेल्या आपल्या लोकांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली.

चरितार्थाची मुख्य पिके म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी. बहुतेक शेती कोरडवाहू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचली जातात. पुढे तेंदूपानांचा हंगाम. सत्तर पानांचा एक पुडा, अशी मोजणी. सारे घर, म्हातारी-पोरांसह, पाने तोडून पुडे बांधते आणि रोख पैसा हाती येतो तो वर्षातून याच दोन-तीन आठवड्यांत. डिंक, मध, चारोळी ही जोड. त्यानंतर स्थलांतर. मुदखेड–किनवट–आदिलाबाद ही जुनी मीटरगेज रेल्वे या शतकाच्या आरंभी रुंद झाली आणि नंदीग्राम एक्सप्रेसने किनवट मुंबईस जोडले गेले. गाडी आली याचा आनंद आहे. पण तिच्यात चढणारे बहुसंख्य लोक मजुरीच्या शोधात निघालेले असतात.

भाषा आणि वसतिगृह

१९४३ साली मारलवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. मुलांना पहिले धडे गोंडीत दिले जात आणि ती वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली, कारण त्या डोंगरात मराठीची ओळख अधिक होती. या कार्याच्या काळात आदिलाबादेत काम केलेले एक अधिकारी म्हणजे सेतु माधवराव पगडी. १९१० साली निलंगा येथे त्यांचा जन्म झाला. शिवकाल आणि फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली, हे त्यांच्या निलंगा तालुक्यातही थोड्यांनाच माहीत आहे. महसुली कामासाठी खेड्यात आलेला अधिकारी ज्यांच्यावर अंमल करावयाचा त्यांची भाषा शिकतो आणि तिचे नियम नीट मांडून ठेवतो, ही त्या काळी फार दुर्मिळ गोष्ट होती, आजही आहे. पुनर्रचनेनंतर पलीकडच्या शाळा तेलुगू झाल्या, अलीकडच्या मराठी. गोंडी वाचनपुस्तके कपाटात गेली.

हाच प्रयोग त्याच सुमारास रशियाच्या अतिउत्तरेस झाला होता. उत्तर ध्रुववृत्ताजवळील यामाल द्वीपकल्पात नेनेत्स लोक रेनडियरचे कळप घेऊन भटकतात. १९३० साली लेनिनग्राडमध्ये उत्तरेकडील जनसमूहांसाठी संस्था स्थापन झाली, त्यांच्या भाषांची पुस्तके निघाली, आधी रोमन आणि १९३७ पासून रशियन लिपीत. परंतु पुढे मुलांना कळपापासून दूर निवासी शाळांत ठेवण्यात आले आणि तेथे रशियन हीच भाषा उरली. अनेक मुले शिकली, डॉक्टर-शिक्षक झाली, आणि सुटीत घरी गेल्यावर आजीशी बोलता येईनाशी झाली. ज्या भूमीखाली पुढे नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले, त्या भूमीबद्दलच्या वाटाघाटी तिच्या मूळ भाषेत होत नाहीत.

आम्ही हे मुद्दाम निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत लिहीत आहोत. वसतिगृहाचे महत्त्व आपल्या समाजास सांगावयास नको. बाबासाहेबांनी वसतिगृहे काढली नसती तर आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीतील कितीतरी जण शेतावरच राहिले असते. त्यांच्या १९३६ च्या प्रसिद्ध भाषणातही आदिवासींना अज्ञानात ठेवल्याबद्दल सवर्ण समाजास त्यांनी जाब विचारला होता. परंतु आपली मुले वसतिगृहात आली ती मराठी घेऊन आणि मराठीच घेऊन परत गेली. पोडावरून येणारे कोलाम मूल पहिले काही महिने वर्गात बोलत नाही. त्याला 'मंद' ठरविणे सोपे असते. आमचा अनेक वर्षांचा अनुभव असा की त्याला अंक त्याच्या भाषेत मोजू दिले, फळ्यावर 'पाणी'शेजारी 'ईर' लिहिले, तर ते मूल बोलते, आणि शेजारचे मराठी मूलही कान टवकारते. दरवर्षी पालकसभेस येणाऱ्या आजोबा-आजींकडून कोलामी व गोंडी शब्द उतरवून घेण्याची वही माजी विद्यार्थ्यांनी चालवावी, अशी आमची विनंती आहे. त्यास खर्च येत नाही.

जुने कागद

दुसरी विनंती जमिनीसंबंधी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या कुटुंबास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. मात्र जंगलात राहणाऱ्या बौद्ध, बंजारा आणि इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. म्हणजे १९३० पर्यंत मागे जावे लागते. १९५३ नंतरच्या आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या लढ्यांत आपल्या वडीलधाऱ्यांनी गायरानासाठी तुरुंगवास भोगला. त्यांच्या नातवांचे दावे कागदाअभावी फेटाळले जाणे हे क्लेशदायक आहे.

किनवटचे जुने कागद शोधताना पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी की १९५६ पूर्वी तो तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. नांदेडच्या अभिलेखागारात न सापडलेला कागद अस्तित्वातच नाही असे समजू नये, आदिलाबाद व हैदराबाद येथेही विचारणा करावी. दुसरी, कागद उर्दूत असेल. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आणि शेजाऱ्यांत उर्दू वाचणारे मुस्लिम बांधव आहेत, त्यांची मदत घ्यावी. तिसरी, सन फसली असेल. दक्षिणी फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो. फसली १३४० म्हणजे इसवी सन १९३०. आणि चौथी, कागद मुळीच नसेल तरी दावा संपत नाही. नियम १३ प्रमाणे दावेदाराखेरीज गावातील वृद्धांचे लेखी नोंदविलेले निवेदन हाही पुरावा आहे, आणि जुनी घरे, विहिरी, बांध, स्मशानभूमी, देवस्थाने या खुणाही ग्राह्य धरल्या जातात. ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातील ज्या माणसांना ही निवेदने देता येतील ती अजून पोडांत आणि वाड्यांत आहेत. त्यांच्याकडे या उन्हाळ्याच्या सुटीतच जावयास हवे.